शस्त्रक्रिया, वस्तरा आणि नाजूक जागेची त्वचा

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर आरोग्यशिक्षणाचा एखादा लेख असावा, या हेतूने आम्ही दरवर्षी रुग्णसेवेतील एक विषय निवडतो. यंदाचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, आणि म्हणूनच तो येथे घेतला आहे. हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, गर्भाशयाची शस्त्रक्रिया, सिझेरियन, जांघेतून केली जाणारी अँजिओग्राफी अशा कितीतरी उपचारांत शरीराच्या ज्या भागावर काम करावयाचे असते तो भाग झाकलेला, नाजूक आणि केसाळ असतो. तेथील केस काढावेत की नाही, काढावयाचे तर कोणी, केव्हा आणि कशाने, याविषयी रुग्णाच्या मनात शंका असतात. पण त्या विचारण्याचा संकोच इतका असतो की बहुतेक रुग्ण उत्तर स्वतःच ठरवून येतात. वॉर्डात या तयारीला 'पार्ट प्रिपरेशन' म्हणतात. नाव इंग्रजी असल्यामुळे सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची, दोघांचीही लाज राखली जाते. समजावयाचे ते मात्र समजत नाही.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की अनेक घरांत जे घडते ते साधारण असे. आदल्या रात्री रुग्ण न्हाणीघराचे दार लावून घेतो आणि मंद दिव्याखाली, दाढीच्याच वापरलेल्या पात्याने, पुष्कळदा कोरड्या त्वचेवर, घाईघाईने केस काढून टाकतो. हेतू वाईट नसतो. सिस्टरांपुढे किंवा वॉर्डातील मामांपुढे उघडे पडावे लागू नये, आणि डॉक्टरांना जागा 'स्वच्छ' मिळावी, एवढेच त्याच्या मनात असते. सकाळी मात्र जांघेत लाल पुरळ उठलेले असते, दोनचार ओरखडे असतात, एखाद्या केसाच्या मुळाशी पिवळसर टोकाची पुटकुळी असते. शल्यचिकित्सक ती जागा पाहतात आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीला आधार देण्यासाठी जाळी बसवली जाते. त्या जाळीपर्यंत जंतू पोहोचले तर पुढे जाळीच काढावी लागण्याची वेळ येऊ शकते, म्हणून ही सावधगिरी. परंतु ज्याने शेतीची कामे मागे टाकून, मुलाला रजा घ्यायला लावून, पहाटेची एसटी धरून रुग्णालय गाठलेले असते, त्याला ही सावधगिरी कशी पटावी? आपण स्वच्छता केली आणि तिचीच शिक्षा मिळाली, असे त्याला वाटते.

त्याचे हे वाटणे समजण्यासारखे आहे, कारण केस म्हणजे मळ ही समजूत केवळ त्याची नाही. कित्येक दशके वैद्यकशास्त्राचीही ती होती. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमेतील जंतूंचा नाश करण्याविषयीचे आपले लेख प्रसिद्ध केले. त्यानंतर शस्त्रक्रियागृहातील प्रत्येक वस्तूकडे जंतूंचे घर म्हणून पाहण्याची दृष्टी आली. केसांवर जंतू असतात, तेव्हा केस काढले की जंतू गेले, असा सरळ हिशेब त्या काळात मांडला गेला. हिशेब तर्काला धरून होता. तो अनुभवाशी ताडून पाहण्याचे काम मात्र फार उशिरा झाले.

पाते त्वचेचे काय करते

आपली त्वचा ही तटबंदी आहे. तिच्या पृष्ठभागावर आणि केसांच्या मुळांशी असंख्य जंतू नांदत असतात; त्यांतील पू निर्माण करणारा एक प्रमुख जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्वचा अखंड असेपर्यंत हे जंतू बहुधा बाहेरच राहतात. वस्तरा किंवा रेझर केस कापताना त्वचेचा सर्वांत वरचा थरही खरवडतो. डोळ्यांना न दिसणारे बारीक छेद पडतात, केसांच्या मुळांची तोंडे उघडी होतात, त्यांतून थोडी लस पाझरते आणि जंतूंना ओलावा व अन्न दोन्ही मिळते. पुढच्या काही तासांत तेथे त्यांची वाढ होऊ लागते. १९७७ साली कॅनडातील संशोधकांनी निरनिराळ्या पद्धतींनी केस काढलेल्या त्वचेची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी केली, तेव्हा रेझरने केलेले छेद स्पष्ट दिसले. क्लिपरने झालेली इजा त्याहून कमी होती.

जांघ, काख आणि जननेंद्रियांभोवतालची त्वचा तर विशेष पातळ, सुरकुत्यांची आणि घामाने ओलसर. तेथे घड्या असतात, कपडे घासतात, हवा पोहोचत नाही. गालावर जे पाते सहज फिरते ते येथे अडखळते. शिवाय येथील केस जाड आणि कुरळे असल्यामुळे अगदी मुळाशी कापले की वाढताना त्यांचे टोक पुन्हा त्वचेतच शिरते. मग गाठ येते, ठणका लागतो आणि ज्याला आपण केसतोड म्हणतो ते उद्भवते.

आता आकड्यांकडे वळू. १९७१ साली सेरोपियन आणि रेनॉल्ड्स यांनी ४०६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. रेझरने केस काढलेल्या रुग्णांपैकी ५.६ टक्क्यांच्या जखमांत जंतुसंसर्ग झाला. ज्यांचे केस काढलेच नव्हते किंवा केस काढण्याचे मलम वापरले होते त्यांच्यात हे प्रमाण ०.६ टक्के होते. याच अभ्यासातील दुसरे निरीक्षण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. शस्त्रक्रियेच्या अगदी आधी रेझर फिरवला असता संसर्गाचे प्रमाण ३.१ टक्के, २४ तासांच्या आत फिरवला असता ७.१ टक्के, आणि २४ तासांहून अधिक वेळ गेला असता ते २० टक्क्यांच्याही वर गेले. म्हणजे आदल्या रात्रीची किंवा आदल्या दिवशीची ती 'स्वच्छता' जंतूंना वाढीसाठी वेळ देत होती. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात क्लिपरच्या बाबतीतही वेळेचा हाच परिणाम दिसला: आदल्या रात्री केस कापलेल्यांत ४ टक्के, त्याच सकाळी कापलेल्यांत १.८ टक्के.

असे अभ्यास स्वतंत्रपणे पाहिले तर लहान आहेत आणि त्यांच्यात उणिवाही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु सर्व पुरावा एकत्र तोलणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ साली २५ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही रेझरपेक्षा क्लिपर बरा, आणि केस न काढणे व क्लिपरने कापणे यांत संसर्गाच्या दृष्टीने फारसा फरक नसावा, असेच चित्र पुढे आले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने १९९९ साली, ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००८ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शनाचा आशय एकच आहे. केस आड येत नसतील तर काढू नयेत. येत असतील तर क्लिपरने कापावेत. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन तर याहून स्पष्ट आहे: शस्त्रक्रियेपूर्वी असो वा शस्त्रक्रियागृहात, रेझर कधीही वापरू नये.

आमच्या विश्वस्त मंडळाने आणि देणगीदारांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे अशी विनंती आहे. त्याच संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत शस्त्रक्रिया झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ११ जणांना शस्त्रक्रियेशी संबंधित जंतुसंसर्ग होतो. टाके पिकले की ड्रेसिंग वाढते, प्रतिजैविके वाढतात, खाटेवरचे दिवस वाढतात आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घरात चूल पेटणे कठीण होते. क्लिपरचे जे मुख त्वचेला लागते ते एका रुग्णासाठी एकदाच वापरावयाचे असते, आणि साध्या पात्याच्या मानाने ते पुष्कळ महाग पडते. खरेदीच्या यादीत या दोन वस्तू शेजारी शेजारी दिसल्या की हात आपोआप स्वस्त वस्तूकडे जातो. ती स्वस्ताई रुग्णाच्या खिशातून वसूल होते, ही गोष्ट यादीत दिसत नाही.

मग केस केव्हा आणि कसे काढले जातात

केस न काढताही पुष्कळ शस्त्रक्रिया निर्वेधपणे होतात. तरीही काही वेळा ते कापावे लागतात आणि त्याला कारणे आहेत. छेद घ्यावयाच्या जागीच दाट केस असतील तर टाके घालताना ते जखमेत अडकतात. चिकटपट्टी नीट बसत नाही, आणि पुढे ती काढताना केस ओढले जाऊन रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येते. तिसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. त्वचा निर्जंतुक करण्यासाठी आज क्लोरहेक्सिडीनयुक्त अल्कोहोलचे द्रावण वापरण्याची शिफारस केली जाते. केस नसलेल्या त्वचेवर ते साधारण ३ मिनिटांत वाळते, पण केसांत मुरले तर वाळावयास तासभरही लागू शकतो. ओल्या अल्कोहोलजवळ विजेच्या उपकरणाची ठिणगी पडली तर भाजण्याचा धोका असतो. म्हणून शल्यचिकित्सक केवळ सवयीने नव्हे, तर जागा पाहून ठरवतात की किती केस कापावयाचे. बहुधा छेदाभोवतालचा एक पट्टा पुरतो. सिझेरियनसाठी ओटीपोटाच्या खालच्या कडेचे थोडे केस आड आले तर कापावेत. त्याखालचा सारा भाग साफ करण्याचे काही कारण नसते.

क्लिपर म्हणजे न्हाव्याच्या दुकानात मानेवर फिरणाऱ्या यंत्रासारखेच, पण रुग्णालयासाठी बनवलेले यंत्र. ते केस त्वचेच्या किंचित वरून कापते. आखूड खुंट राहतात आणि ते राहावेत हीच अपेक्षा असते. गुळगुळीत त्वचा हे येथे उद्दिष्ट नाही, हे नातेवाइकांना मुद्दाम सांगावे लागते, नाहीतर "काम अर्धवट झाले" अशी तक्रार येते. घडी असलेल्या जागी त्वचा हलक्या हाताने ताणून धरावी लागते, कारण क्लिपरही सुरकुतीत चिमटा घेऊ शकतो. वृषणाच्या त्वचेबाबत ही काळजी सर्वाधिक. हे काम शस्त्रक्रियेच्या दिवशीच, शक्य तितके वेळेजवळ आणि शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या तयारीच्या खोलीत व्हावे, म्हणजे कापलेले केस आत उडत नाहीत. सुटे केस चिकटपट्टीने टिपून घेतले जातात.

संकोचाचा विचार येथे औषधाइतकाच आवश्यक आहे. रुग्णाला काय करणार, का करणार, किती वेळ लागेल हे आधी सांगावे आणि त्याची संमती घ्यावी. पडदा ओढलेला असावा. जेवढी जागा लागते तेवढीच उघडी ठेवून उरलेले अंग चादरीने झाकावे. स्त्रियांसाठी सिस्टर किंवा मावशी, पुरुषांसाठी मामा अशी व्यवस्था असावी. आपल्याला कोणी जवळ हवे असेल तर तसे सांगण्याचा अधिकार रुग्णाला आहे. नको असेल तर तेही सांगावे. सुनेला सासूबाई जवळ नको असतात आणि ती बोलत नाही, हे आमच्या मावशींना न सांगता कळते. या चार गोष्टींची खात्री मिळाली की घरी चोरून पाते फिरवण्याची गरज उरत नाही.

तेव्हा शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णाने घरी काय करावे? शस्त्रक्रियेच्या आधीच्या काही दिवसांत त्या भागावर रेझर, वस्तरा, वॅक्सिंग यांपैकी काहीही करू नये. शस्त्रक्रियेच्या सकाळी, किंवा ते शक्य नसेल तर आदल्या रात्री, साबण लावून स्वच्छ स्नान करावे. साधा साबणही चालतो. घड्यांच्या जागा नीट धुऊन कोरड्या कराव्यात आणि धुतलेले कपडे घालावेत. अंगाला तेल, पावडर, हळद लावून येऊ नये. आणि केस आधीच काढले असतील, कापले असेल, पुरळ आले असेल, जांघेत जुना नायटा असेल, तर भरती होतानाच सांगावे. कोणी रागावणार नाही. लपवले तर मात्र ते टेबलावर दिसते.

बाळंतिणीविषयी

प्रसूतीपूर्वी जननेंद्रियावरील केस काढणे ही प्रथा इतकी रुळली होती की अनेक आज्या आजही सुनेला भरती करताना तिची आठवण करून देतात. या प्रथेची तपासणी शंभर वर्षांपूर्वीच झाली होती, हे वाचून आश्चर्य वाटेल. १९२२ साली जॉन्स्टन आणि सिडॉल यांनी अमेरिकेत ३८९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस काढलेल्या आणि न काढलेल्या स्त्रियांत प्रसूतीनंतरच्या तापाच्या प्रमाणात लाभदायक म्हणावा असा फरक आढळला नाही. नंतर १९६५ आणि २००५ साली झालेल्या अभ्यासांनीही प्रथेच्या बाजूने कौल दिला नाही. उलट केस काढलेल्या स्त्रियांना जळजळ, ओरखडे आणि केस पुन्हा उगवतानाची खाज सोसावी लागली. बाळाला अंगावर पाजण्यासाठी मांडी घालून बसणाऱ्या, टाक्यांनी आधीच अवघडलेल्या बाईला ही खाज काय यातना देते, हे पुरुष वाचकांना कल्पनेनेच जाणावे लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली सामान्य प्रसूतीविषयीच्या आपल्या मार्गदर्शिकेत सरसकट केस काढण्याची प्रथा, एनिमाच्या जोडीने, बंद कराव्यात अशा गोष्टींच्या यादीत घातली. २०१८ च्या मार्गदर्शनातही तिची शिफारस नाही. तरीही गरोदर स्त्री घरूनच केस काढून येते, कारण "दवाखान्यात बोलतील" ही भीती. आमची सासूबाईंना आणि आईंना विनंती आहे की लेकीसुनेच्या अंगावर या निमित्ताने पाते फिरवू नये. नवव्या महिन्यात पोटाच्या घेरामुळे तिला ती जागा दिसतही नाही.

भुवई, डोके आणि माकडहाड

काही जागांचे नियम निराळे आहेत. भुवईवर जखम झाली तर टाके घालण्यासाठी भुवई कधीही काढू नये. तिची रेषाच जखमेच्या दोन कडा बरोबर जुळवण्याची खूण असते, आणि काढलेली भुवई परत येताना पूर्वीसारखी येईलच असे नाही.

डोक्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी संपूर्ण मुंडण करण्याची पद्धत पूर्वी सर्वत्र होती. आता अनेक ठिकाणी केवळ छेदाच्या रेषेपुरते केस कापून भागवतात. स्त्री रुग्णांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्रात तर डोक्यावरून वस्तरा फिरण्याला केशवपनाचा दुखरा इतिहास आहे. त्या प्रथेविरुद्ध १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केस कापण्यास नकार दिला होता आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. आजही एखाद्या वयस्क बाईंना मेंदूच्या शस्त्रक्रियेपेक्षा मुंडणाचेच भय अधिक वाटते. ते हसण्यावारी नेऊ नये. किती केस कापावे लागतील, हे शल्यचिकित्सकांना आधी विचारण्यात काहीच गैर नाही.

माकडहाडाजवळच्या 'पायलोनिडल सायनस' या दुखण्यात मात्र केस हेच खरे अपराधी असतात. तुटलेले, टोकदार केस नितंबांमधील फटीत त्वचेत घुसतात आणि पू वाहणारी वाट तयार होते. जाड केसांच्या, बराच वेळ बसून काम करणाऱ्या तरुण पुरुषांत हे दुखणे अधिक. येथे जखम भरेपर्यंत केस दूर ठेवावे लागतात. पण ते कशाने, किती दिवस, हे शल्यचिकित्सकांनी सांगावे. घरी आरशात पाहून रेझर चालवणे या जागी निश्चितच नको.

घरच्या घरी केस काढणाऱ्यांसाठी

शस्त्रक्रियेचा प्रश्न नसताना, आवड म्हणून, स्वच्छतेच्या समजुतीने किंवा धर्माचरणाचा भाग म्हणून अनेक स्त्रीपुरुष हे केस नियमित काढतात. आरोग्यासाठी ते आवश्यक नाही. ते केस त्वचेचे घर्षण कमी करतात. पण काढावयाचेच असतील तर आमचा पहिला सल्ला असा की कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड करावेत आणि तेथेच थांबावे. मुळापासून काढण्याचा आग्रह धरला की त्रास सुरू होतो.

रेझरच वापरणार असाल तर आधी कात्रीने केस आखूड करून घ्यावेत, मग कोमट पाण्याने स्नान करावे. पाच मिनिटांच्या ओलाव्याने केस मऊ होतात. साबणाचा किंवा क्रीमचा दाट फेस लावावा. पाते नवे असावे. त्वचा एका हाताने ताणून, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, जोर न देता पाते न्यावे, दर खेपेस ते पाण्यात धुवावे, आणि एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवू नये. उलट्या दिशेने काढल्यास त्वचा गुळगुळीत होते खरी, पण आत वाढणारे केस आणि केसतोड यांचे ते हमखास आमंत्रण आहे. नंतर गार पाण्याने धुऊन मऊ कपड्याने टिपावे, घासू नये. तुरटी, आफ्टरशेव्ह, अत्तर यांची त्या जागेला गरज नाही. एक दोन दिवस सैल सुती कपडे वापरावेत.

केस काढण्याची मलमे पाते नसल्यामुळे निर्धोक वाटतात. त्यांतील रसायन केसाचे प्रथिन विरघळवते, आणि त्वचाही प्रथिनांचीच बनलेली असते. जननेंद्रियाच्या आतील ओलसर त्वचेला ते लागता कामा नये. वेष्टनावर लिहिलेल्या वेळेहून एक मिनिटही अधिक ठेवू नये. आणि प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी.

पावसाळ्यात आमच्या त्वचारोग विभागात जांघेतील नायट्याचे रुग्ण रांगेने येतात. त्यांतील बरेच जण आधी दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावतात. खाज थांबते, नायटा पसरतो. त्यावर पाते फिरवले की बुरशी शेजारच्या त्वचेवर पेरली जाते. नायटा, पुरळ, गळू असताना त्या भागावर रेझर लावू नये. मधुमेहाच्या रुग्णांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि ज्यांची त्वचा वयोमानाने कागदासारखी झाली आहे अशा वृद्धांनी रेझरचा विचारच सोडावा. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची शुश्रूषा करणारे नातेवाईक विचारतात की लघवीच्या जागेचे केस काढावेत काय. काढू नयेत, पुढे दाते असलेल्या ट्रिमरने आखूड करावेत, म्हणजे पुसणे सोपे होते, आणि तो भाग रोज धुऊन कोरडा ठेवावा.

दुसऱ्याचे पाते कोणीही वापरू नये, घरातल्या घरातही नाही. पात्यावर न दिसणारे रक्त असू शकते, आणि काविळीचा 'बी' विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. बाळाचे जावळ काढतानाही वस्तऱ्यात नवे पाते आपल्यासमोर घालून घ्यावे. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. तोवर तेथे हात फार हलका हवा, आणि कात्रीने किंवा मशीनने केस बारीक करून घेतले तरी जावळाचा विधी अडत नाही.

शस्त्रक्रिया होऊन घरी गेल्यावर कापलेले केस पुन्हा वाढू लागतात तेव्हा दोनतीन आठवडे खाज येते. ती साहजिक आहे; नखाने खाजवू नये, टाके सुटेपर्यंत त्या जागी काही लावू नये. पण जखमेभोवती लाली पसरत असेल, ठणका कमी होण्याऐवजी वाढत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, ताप भरत असेल, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत असा संसर्ग दिसू शकतो. जाळी किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर त्याहूनही उशिरा. येताना डिस्चार्ज कार्ड आणावे. ओपीडीची वेळ संपली असेल तर अपघात विभागात यावे. जागा कोणती हे दाराशी सर्वांसमोर सांगण्याची आवश्यकता नाही, "टाक्यांचा त्रास आहे" एवढे पुरे. पुढचे सिस्टर आत विचारून घेतील.